कवळीची रात्र

उन्हाळ्यात खान्देशातली माणसं अजूनही घराच्या मातीच्या धाब्यावर नाहीतर गच्चीवर झोपतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास गेला की घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात आणि पंखा गरम हवाच फिरवत राहतो. अंधार पडला की सतरंज्या, गोधड्या, पाण्याचा तांब्या वर जातो. सगळ्यांचे डोळे लागले असं वाटलं की घरातले आप्पा पाठ फिरवतात, तोंडातली कवळी काढतात, रुमालात गुंडाळतात आणि उशीखाली सरकवतात. पहाटे कोणी उठायच्या आत ती परत तोंडात. कोणाला दिसत नाही, कोणी विचारत नाही.

त्या सहा-सात तासांत कवळीचं काय होतं? गरम कोरड्या हवेत तिच्यातलं पाणी उडतं. जेवणाचे कण वाळून घट्ट बसतात. कुशीवर वळताना उशीसकट डोक्याचा भार तिच्यावर येतो. मुंग्यांना वास लागतो तो वेगळाच. आणि सकाळी ती न धुता तशीच हिरडीवर जाऊन बसते.

हे टाळायला लागतं काय, तर झाकणाची एक डबी आणि वाटीभर पाणी. पण ती डबी घरात उघडपणे ठेवायची सोय नसते, खरी अडचण तिथे आहे. चष्मा काढून कोनाड्यात ठेवायला कोणी लाजत नाही. कानाचं यंत्रही लोक आता चारचौघांत लावतात. कवळीच्या बाबतीत मात्र नातवंडं हसतील, सुनेला किळस येईल, ही धास्ती असते. कवळीची आबाळ आळसापायी क्वचितच होते, बहुतेक वेळा ती लाजेपायी होते. म्हणून तिची निगा हा एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात टाकायचा विषय नव्हे, सगळ्या घरानं ती माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

कवळी कशाची असते ते आधी पाहू, कारण पुढचे बरेच नियम त्यातूनच येतात. पूर्वी व्हल्कनाइट नावाच्या कडक केलेल्या रबराच्या कवळ्या असत. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आलं आणि हिरडीच्या रंगाची, हलकी, मोडली तर सांधता येणारी कवळी मिळू लागली. आज आपल्याकडच्या बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात. ॲक्रिलिक दिसतं दगडासारखं, पण ते थोडं पाणी शोषून घेतं आणि कोरडं पडलं की ते सोडतं. तोंडात कवळी बसते ती ओल्या अवस्थेतल्या मापानं. पुन्हा पुन्हा वाळली की ते माप बारीकसं हलतं, आणि केसाएवढा फरकही हिरडीला कळतो. सकाळी कवळी ‘आज बसत नाही’ असं वाटतं त्याचं हे एक कारण.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जंतू मरावेत म्हणून कवळी उकळत्या पाण्यात टाकणारी घरं आहेत. हेतू चांगला, परिणाम वाईट. ॲक्रिलिक पिळवटतं, पांढुरकं पडतं, आणि एकदा पिळवटलेली कवळी कोणालाही सरळ करून देता येत नाही. ती नवीच करावी लागते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन पाहावं. तिथे सुखाचं वाटलं तेवढंच कोमट चालतं. शंका आली तर माठाबाहेरचं साधं पाणी घ्यावं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, डॅशबोर्डवर कवळीची डबी ठेवू नये, तेही याच कारणानं.

आता रोजचं धुणं. बेसिनमध्ये आधी अर्धं पातेलं पाणी ठेवावं, नाहीतर जाड नॅपकिनची चौघडी अंथरावी. साबण लागलेली ओली कवळी हातातून माशासारखी निसटते, आणि स्टीलच्या सिंकमध्ये किंवा न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर पडली की तुकडा उडालाच म्हणून समजा. खाली पाणी किंवा कापड असलं तर पडूनही वाचते. मग ती धरायची कशी? खालची कवळी घोड्याच्या नालासारखी असते. तिची दोन्ही टोकं मुठीत धरून दाबली की ताण नेमका मधोमध, पुढच्या दातांच्या मागे येतो आणि तिथे ती दुभंगते. म्हणून एका वेळी एकच बाजू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, ती घासून झाली की दुसरी.

ब्रश मऊ हवा. कवळीसाठी दोन तोंडांचा ब्रश मिळतो, एक तोंड रुंद आणि एक निमुळतं, पण लहान मुलांचा मऊ ब्रशही काम चालवून नेतो. तो दुसऱ्या कशाला वापरू नये, इतकंच. साबण म्हणजे हात धुण्याचा सौम्य लिक्विड साबण किंवा भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. दात बाहेरून, आतून, चावायच्या बाजूनं घासतात सगळेच. राहून जाते ती आतली बाजू, हिरडीला आणि टाळूला टेकणारी. तिथे उजेड पोचत नाही, दात नसतात, म्हणून ती स्वच्छच आहे असा समज होतो. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त थर तिथेच धरतो. वरच्या कवळीची टाळूवर बसणारी वाटी, तिच्यातल्या बारीक सुरकुत्या, खालच्या कवळीची खोबण, यात ब्रशचं निमुळतं तोंड फिरवावं. प्रत्येक कवळीला दोन मिनिटं पुरतात.

झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, अंगठ्यानं ठरवा. साबण पूर्ण धुऊन टाकल्यावर आतल्या बाजूवर ओला अंगठा फिरवायचा. घासलेल्या काचेच्या ग्लाससारखा अंगठा अडखळला तर झाली. शेवाळावरून घसरावं तसा बुळबुळीत घसरला तर जंतूंचा थर अजून तिथेच आहे, पुन्हा घासा. रात्री हे सविस्तर धुणं, आणि दिवसा प्रत्येक जेवणानंतर काढून नुसती चूळ भरणं व कवळी पाण्याखाली धरणं. एवढ्यावर बरंचसं भागतं.

टूथपेस्ट का नको, हा प्रश्न हमखास येतो. पेस्टमधली बारीक भुकटी आपल्या खऱ्या दातांच्या कठीण आवरणासाठी असते. ॲक्रिलिक त्या मानानं फार मऊ. पेस्टनं घासलेली कवळी आठवडाभर छान चमकते, पण तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठत जातात. चहाचा, हळदीचा, तंबाखूचा डाग मग त्या ओरखड्यांत मुरतो आणि बुरशीलाही तिथे पाय रोवायला जागा मिळते. डाग जात नाही म्हणून माणूस आणखी जोरानं घासतो आणि ओरखडे वाढतात. लाल दंतमंजन, राख, मीठ, कोळशाची पूड यांचं तर बोलायलाच नको.

मिसरीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी बाया दात गेल्यावरही मिसरी सोडत नाहीत, हिरड्यांना लावतात आणि वर कवळी बसवतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड मग हिरडी आणि कवळी यांच्यामध्ये दाबून धरली जाते, तासन्‌तास. नुसत्या मिसरीपेक्षाही हे वाईट, कारण लाळ तिला धुऊन नेऊ शकत नाही. कवळी तपकिरी होते ही त्यातली सगळ्यांत लहान गोष्ट. हिरडीवर, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरून येत नसेल, तर ‘कवळी टोचते’ म्हणून सोडून देऊ नये. ती डॉक्टरला दाखवायचीच. दात उरलेच नाहीत, आता दाताच्या डॉक्टरकडे काय काम, असं म्हणणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तोंड तर शाबूत आहे ना! वर्षातून एकदा ते आतून बघून घेतलं पाहिजे.

बोअरच्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. जिथे पाणी जड असतं, म्हणजे गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, तिथे कवळीवरही तसलाच खरखरीत थर लवकर दिसू लागतो. लाळेतले क्षार त्यात भर घालतात. तो कुठे जमतो त्या जागा ठरलेल्या आहेत: वरच्या दाढांची गालाकडची बाजू आणि खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. हा थर ब्लेडनं किंवा सुरीच्या टोकानं खरवडायचा नाही. निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी घेऊन त्यात अर्धा तास कवळी बुडवून ठेवावी, मग ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवावी. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे. धातूची पट्टी किंवा तारा असलेल्या कवळीला हे वारंवार करू नये. तरीही थर निघाला नाही तर दवाखान्यात तो यंत्रानं काही मिनिटांत निघतो.

मेडिकलमध्ये फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या चांगल्या असतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतक्या कोमट पाण्यात कवळी त्यांच्यासोबत ठेवायची. पण त्या ब्रशच्या जागी वापरायच्या नसतात. ब्रशनं थर मोकळा केल्यावर उरलेलं त्या मारतात, एवढंच त्यांचं काम. तोंडात घालण्याआधी कवळी वाहत्या पाण्याखाली नीट धुतलीच पाहिजे, आणि कवळी तोंडात असताना गोळी कधीही तोंडात टाकायची नाही. काही गोळ्यांत परसल्फेट असतं, त्याची काहींना ॲलर्जी येते. हिरड्या चुरचुरल्या, अंगावर पुरळ आलं, श्वास जड वाटला तर त्या गोळ्या बंद. विसरभोळ्या माणसाच्या उशाशी त्या ठेवू नयेत, औषधाची गोळी समजून गिळल्या जातात.

कपड्यांच्या ब्लीचबद्दल एवढंच: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. सांगितलं तरी खूप पातळ करून, आणि १० मिनिटांच्या वर नाही. धातू असेल तर अजिबात नाही, धातू काळवंडतो आणि खाल्ला जातो. मऊ अस्तर लावलेल्या कवळीलाही नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एका भांड्यात तर कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

आता रात्रीकडे परत येऊ, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. कवळी तोंडात ठेवून झोपणाऱ्यांची संख्या रुमालात गुंडाळणाऱ्यांपेक्षा कमी नाही. हिरडी ही भार झेलायला घडलेली नाही. तळपायाला जशी जाड कातडी असते तशी ती नसते. दिवसभर दाबलेल्या त्या मऊ कातडीला रात्री सहा-आठ तास मोकळं सोडलं की रक्त नीट फिरतं, लाळ तिला धुते. कवळी तशीच राहिली तर तिच्याखाली ऊब, ओल आणि अन्नाचा अंश, असं बुरशीला हवं ते सगळं रात्रभर मिळतं. वरच्या कवळीखालची टाळू मग लालभडक होते. लाली इतकी नेमकी असते की कवळीचा आकार टाळूवर छापल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे बहुतेकांना काही दुखत नाही, म्हणून कळतच नाही. मोबाइलची बॅटरी लावून घरच्यांनी महिन्यातून एकदा आ करायला लावून पाहावं. बुरशी झाली असेल तर डॉक्टर थेंब किंवा जेल देतात, पण औषध तोंडाला आणि कवळी तशीच मळकी, असं चालत नाही. तोंडातली बुरशी हटते आणि कवळीतून परत येते. दोन्हींचा उपाय एकाच वेळी व्हावा लागतो. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडून त्या भरत नसतील तर तेही याच घरातलं दुखणं असू शकतं.

जपानमध्ये वयाची पंचाऐंशी ओलांडलेल्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसला. झोपेत तोंडातली लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते, आणि मळक्या कवळीवरचे जंतू तिच्यासोबत फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. हे कळल्यावर उशाशी ठेवलेल्या डबीकडे बघण्याची नजर बदलायला हवी. दम्याच्या पंपाइतकीच ती महत्त्वाची आहे.

म्हणून रात्रीचा क्रम: कवळी काढली, घासली, डबीत साध्या पाण्यात पूर्ण बुडेल अशी ठेवली, झाकण लावलं. मग तोंडाकडे वळायचं. ओल्या मऊ कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून वरची हिरडी, टाळू, खालची हिरडी, गालांच्या आतली बाजू आणि शेवटी जीभ पुसून घ्यायची. बोटानंच हिरड्यांना मिनिटभर हलकं चोळायचं. सकाळी डबीतलं पाणी फेकून द्यायचं, डबी साबणानं धुवायची, आणि कवळी पाण्याखाली धरून ओलीच बसवायची. डबीत कालचंच पाणी परवापर्यंत ठेवलं तर त्यात कवळी ठेवण्याचा उपयोग राहत नाही.

ओलीच का, तर वरची कवळी टाळूला चिकटते ती लाळेच्या पातळ थरामुळे. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर ओढून निघत नाहीत, तसंच इथे घडतं. त्यामुळे तोंड कोरडं पडलं की उत्तम बसवलेली कवळीही सुटू लागते. खान्देशाच्या उन्हाळ्यात हे हटकून होतं. त्यात रक्तदाबाची, सर्दी-ॲलर्जीची, झोपेची, मनाच्या आजाराची काही औषधं लाळ आणखी कमी करतात. एप्रिल-मे महिन्यात ‘कवळी ढिली झाली’ म्हणून तक्रार आली तर आधी पाणी किती पितात ते विचारावं. थोड्या थोड्या वेळानं माठातल्या पाण्याचा घोट घ्यावा. औषध मनानं बंद करू नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

खाण्याचं म्हणाल तर पूर्ण कवळीनं मिळणारा चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकाच असतो. हे आधीच सांगितलं नाही तर माणूस स्वतःला नाहीतर डॉक्टरला दोष देत बसतो. पहिले काही दिवस खिचडी, भगर, मुगाचं वरण-भात आणि आपल्याकडे वाणवा नसलेलं पिकलेलं केळ. मग हळूहळू वर चढायचं. घास लहान, आणि दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकदम चावायचं. एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते, तराजूचं पारडं उचलावं तशी. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, कवळी मागून सुटते. भाकरी बोटांनी मोडून घ्यावी, पेरू सुरीनं कापून.

खान्देशी ताट तसं कवळीला बरंच सोयीचं आहे, थोडी काळजी घेतली तर. भरीत तर जणू तिच्यासाठीच. फक्त त्यातले शेंगदाणे अख्खे किंवा भरड न घालता बारीक कुटून घालावेत. एक तुकडा खालच्या कवळीखाली शिरला की काट्यासारखा रुततो, आणि तसंच चावत राहिलं तर दुसऱ्या दिवशी तिथे छाला उठतो. तीळ, अंजिराच्या आणि पेरूच्या बिया यांचंही तेच. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी रश्शात भिजवून मऊ होते. बट्टीचं कडक कवच हातानं चुरून, वर तूप आणि वरण घालून, मुरायला दोन मिनिटं द्यावी. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड आणि केळीचे वेफर्स जपून, त्यांच्या धारदार कपच्या हिरडी कापतात. शेवभाजीबद्दल एक सावधगिरी: वरच्या कवळीनं टाळू झाकली गेल्यानं पदार्थ किती गरम आहे ते नीट कळत नाही. तर्रीच्या तेलाखाली रस्सा बराच वेळ धगधगत राहतो. तोंडाला सोसलं असं वाटतं आणि घसा भाजतो. चहाचंही असंच. मासे खाताना काटा जिभेला सापडला नाही तर तो थेट गिळला जातो, म्हणून तापी-गिरणेचा मासा असला तरी घरच्या कोणीतरी तो निवडून द्यावा.

बोलणंही सुरुवातीला अडखळतं, ‘स’ आणि ‘फ’ शिट्टीसारखे निघतात, तोंडाला पाणी सुटतं. आठवड्या-दोन आठवड्यांत जीभ जागा शोधते. रोज दहा मिनिटं मोठ्यानं पोथी वाचावी, आरती म्हणावी.

आणि मग चार-पाच वर्षांनी ती सैल होते. कवळी बदललेली नसते, खालचं हाड झिजलेलं असतं. दात गेले की त्यांना धरणारं हाड आक्रसतं, पहिल्या वर्षात सर्वांत वेगानं, नंतर हळूहळू पण न थांबता. २५ वर्षं चाललेल्या आणि १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खालचा जबडा वरच्याच्या जवळजवळ चौपट झिजल्याचं दिसलं. खालच्या कवळीची तक्रार नेहमी जास्त का, हे त्यावरून समजतं. सैल कवळीला आतून नवा थर देऊन ती पुन्हा मापात आणता येते, त्याला रिलायनिंग म्हणतात. साधारण पाच ते सात वर्षांनी नवी करण्याचा विचार करावा. धुळ्यासारख्या ठिकाणी दंत महाविद्यालय आहे. शिकणारी मुलं अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च कमी येतो. पैशापायी सैल कवळी ओढत राहण्यापेक्षा तिथे चार हेलपाटे घातलेले परवडतात.

त्याऐवजी बरेच जण चिकटवायची पेस्ट वाढवत जातात. पेस्ट वाईट नाही, पण तिचं प्रमाण स्वच्छ कवळीवर तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके इतकंच. दिवसातून दोन-तीनदा लावावी लागत असेल, ट्यूब आठवड्यात संपत असेल, तर दुखणं कवळीच्या मापात आहे. शिवाय ज्या पेस्टमध्ये जस्त असतं ती वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्यास शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांना मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो. जस्त नसलेली पेस्ट मागून घ्यावी.

सैल कवळीच जास्त तुटतेही. वरची कवळी बहुधा मधोमध चिरते, कारण दोन्ही बाजूंची हाडं झिजून मधली टाळू उंच राहते आणि प्रत्येक घासाला कवळी तिच्यावर डोलते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एक दिवस तुटते, तसं हे. एकदा सांधून पुन्हा त्याच जागी तुटली तर सांधणाऱ्याला बोल लावू नये, ती बसते कशी ते तपासून घ्यावं. आणि घरी झटपट चिकटणारा गम लावू नये, कृपा करून! तुकडे केसभर वाकडे चिकटतात, गमचा कडक थर मध्ये राहतो, आणि नंतर प्रयोगशाळेत ते तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. जी कवळी एका दिवसात दुरुस्त झाली असती ती टाकून द्यावी लागते. उडालेला बारीक कपचासुद्धा डबीत जपून न्यावा. टोचते म्हणून कानस किंवा सँडपेपरही फिरवू नये. दवाखान्यात जाण्याआधी एक दिवस कवळी घालून ठेवावी, म्हणजे लाल खूण दिसते आणि डॉक्टर नेमकी तेवढीच जागा घासतात.

काही दात शिल्लक असणाऱ्यांची अर्धी कवळी वेगळी. ती बोटांनी बसवायची, चावून खटकन बसवायची नाही, तारा वाकतात. तार ज्या दाताला धरते त्या दाताभोवती अन्न अडकून तो किडतो, म्हणून तो दात टूथपेस्टनं आणि कवळी साबणानं, असे दोन ब्रश. लहान, एक-दोन दातांची कवळी झोपेत गिळली जाऊ शकते, ती तर रात्री काढलीच पाहिजे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कवळी काढायची पाळी येते तेव्हा घरच्यांचा हात कचरतो. रीत ठाऊक असली की अवघड नाही. हात धुऊन, हातमोजे घालून, उशाकडची बाजू उंच करायची आणि आधी सांगायचं, “नाना, दात धुऊन आणते, तोंड उघडा.” न सांगता बोट घातलं तर कोणीही दात आवळतं. खालची कवळी आधी: पुढचे दात चिमटीत धरून सावकाश वर उचलायची. वरची मात्र ओढून निघत नाही. तर्जनी गालाच्या आतून मागच्या दाढेच्या वरपर्यंत न्यायची, कवळीची कड हलकेच खाली दाबायची. आत हवा शिरली की ती आपोआप सुटते. बसवताना ओली करून वरची आधी, किंचित तिरपी आत घालून मग सरळ. लकवा झालेल्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तोही बोटाच्या कापडानं काढायचा.

ऑपरेशनला नेताना कवळी काढावी लागते, ती घशात उतरण्याची भीती असते. तेव्हा ती पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून खाटेवर ठेवली की चादरीबरोबर नाहीतर कचऱ्यात जाते. झाकणाची डबी, तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं नाव, आणि ती सोबतच्या माणसाच्या हातात. शुद्धीवर आलेलं माणूस पहिलं पाणी मागतं आणि दुसरं अहिराणीत विचारतं, “मन्ही कवयी कठे शे?” नवी करताना कवळीच्या आतच नाव घालून द्यायला डॉक्टरांना सांगता येतं, वृद्धाश्रमात किंवा मोठ्या वॉर्डात त्याचा फार उपयोग होतो. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवावी. लाळेचा वास त्याला ओढतो आणि तो कवळी चघळून टाकतो.

घरात लग्न निघालं, दारी मांडव पडला, की चार गावचे पाहुणे मुक्कामाला येतात. त्यात कोणाचे तरी मामा, कोणाची तरी मोठी माय कवळीवाली असतेच. त्यांनी ती कुठे काढावी, कशात ठेवावी हे कोणाला विचारायचं? त्यांच्या अंथरुणाशेजारी तांब्या-भांडं ठेवतो तिथेच झाकणाची एक स्वच्छ डबी पाणी भरून ठेवावी, बाजूला एक नवा मऊ ब्रश ठेवावा, आणि त्याविषयी एक शब्दही बोलू नये.